शब्द पोचला, कॉफी राहिली: उजनीकाठच्या एस्प्रेसोची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आपण बोलणार आहोत एस्प्रेसोवर, आणि तेही उजनी धरणाच्या काठावर. पण थांबा, प्रश्न इतिहासाचाच आहे.

भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत, किंवा पलीकडे करमाळ्याच्या अंगाला केत्तूर, वाशिंबे, कंदरपर्यंत कुणालाही विचारा, "एस्प्रेसो माहितीय का?" उत्तर येतं, "माहीत नसायला काय झालं? लग्नात असते की!" म्हणजे शब्द घरोघरी पोचलेला आहे. पण इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात, ती दोन घोटांची काळी, घट्ट कॉफी ह्या पट्ट्यात शोधायला गेलात तर अख्खा दिवस जातो. शब्द आला आणि वस्तू आली नाही, हे कसं झालं?

मला हा प्रश्न पडायला कारण आहे. माझा धाकटा मामेभाऊ हायवेला लागून असलेल्या गाळ्यात कॅफे टाकायचं म्हणतोय. मामांच्या घरची जुनी जमीन धरणात गेली. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीतला थोडा तुकडा रस्त्याकडेला आला, तोच हा गाळा. मशीनसाठी कर्ज काढायचं आणि उसाच्या बिलातून हप्ते फेडायचे असा त्याचा बेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, कॉफीचा नाद असलेला, म्हणून फोन मला आला. "दादा, तुला कळतं त्यातलं. मशीन घेऊ का नको, एवढंच सांग." मामा मागून म्हणाले, "आरं, आधी इथं पितंय कोण ते बघा." मामांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला.

एस्प्रेसो म्हणजे नक्की काय

सुरुवात इटलीतल्या तुरीन शहरापासून करू. १८८४ मध्ये तिथल्या अँजेलो मोरिओंदोने वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते एका वेळी भरपूर कॉफी काढायचं यंत्र होतं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने त्यात महत्त्वाचा बदल केला. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्यापुरता एकच कप काढायचा. पुढे देसिदेरिओ पावोनीने बेझेराचे हक्क घेतले आणि १९०५ पासून ही यंत्रं बाजारात आणली. एस्प्रेसो ह्या शब्दात तीन अर्थ एकत्र नांदतात: दाबून काढलेली, झटपट केलेली, आणि खास तुमच्यासाठी केलेली.

पण ह्या जुन्या यंत्रात एक अडचण होती. वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार. तो वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागतं आणि कॉफी करपते. ह्यावरचा उपाय अकिल्ले गाज्जियाने शोधला. १९३८ मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, त्याचं दांड्याचं यंत्र बाजारात आलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळते, सोडला की तीच स्प्रिंग पाण्याला कॉफीतून रेटते. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला. कपावर पहिल्यांदा सोनेरी-तपकिरी साय आली. इटालियन लोक तिला क्रेमा म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई६१ हे यंत्र आलं. त्यात दांड्याच्या जागी विजेचा पंप होता. आजही जगभर साधारण तोच हिशोब चालतो: १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, नऊ बार दाब, ९० ते ९६ अंश पाणी, पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीसेक ग्रॅम कॉफी.

आता आपल्या मांडवातली एस्प्रेसो आठवा. कोपऱ्यात चकचकीत स्टीलचं उभं यंत्र. शेजारी गॅसची टाकी. कपात दूध, साखर, इन्स्टंट पावडर. माणूस नळी कपात घालतो, चावी फिरवतो, फुर्रर्र असा आवाज होतो, फेस वर येतो, आणि वरून चॉकलेट पावडर भुरभुरली की झालं. कॉफीतून काहीच दाबून जात नाही. वाफ जाते ती दुधात. खऱ्या एस्प्रेसो यंत्राला दूध तापवायला बाजूने एक वाफेची नळी असते. आपल्याकडे ती बाजूची नळीच मुख्य झाली आणि नाव सगळ्या यंत्राचं मिळालं.

ह्याला फसवणूक म्हणू नका. बेझेराच्या काळातल्या यंत्राचा दाब आणि मांडवातल्या बॉयलरचा दाब ह्यांत फार फरक नाही. गाज्जियाच्या आधीचं तंत्र आपल्याकडे दुधाच्या कामाला लागलं, असं म्हणता येईल. तिथून पुढचा टप्पा आपल्यापर्यंत आला नाही. का आला नाही, त्याचं उत्तर कॉफीच्या बाजारात आहे.

रेल्वेने चहा आणला

भूगोल बघितला तर सोलापूर कॉफीपासून लांब नाही. बाबाबुडन नावाच्या सुफी संताने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी आज कर्नाटकात होते. आणि जुना राष्ट्रीय महामार्ग १३ सोलापुरातून निघून विजयपूर, चित्रदुर्ग, शिमोगा करत मंगळूरला जायचा, म्हणजे थेट मलनाडच्या कॉफीच्या मुलखाला खेटून. नव्या क्रमांकांत त्याचे तुकडे झालेत, पण रस्ता तोच आहे. महाराष्ट्रात तर चिखलदऱ्यालाही इंग्रजांच्या काळापासून कॉफी होते. तरीही सोलापूर जिल्हा चहाचाच राहिला.

त्याचं एक कारण रेल्वे. १८६० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग सोलापूरला पोचला. ह्याच मार्गाचा एक तुकडा पुढे उजनीच्या पाण्यामुळे हलवावा लागला. डिकसळजवळचा इंग्रजी अमदानीतला जुना रेल्वेपूल मग गाड्या-मोटारींसाठी वापरात आला. रेल्वेमागून चहा आला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराची यंत्रणा उभी राहिली. स्टेशनांवर चहाचे स्टॉल, चहा कसा करायचा हे सांगणाऱ्या पाट्या, पुढे १९३० च्या दशकात घरोघरी जाऊन चहा पाजणारे प्रचारक. त्याच सुमाराला आसामात सीटीसी यंत्र निघालं. त्यातून निघालेली दाणेदार चहापत्ती स्वस्त, रंगाला गडद, आणि थोडक्यात भरपूर कप देणारी. दूध-साखरेत उकळायला अगदी सोयीची. गावच्या हॉटेलवाल्याला भांडं, चूल आणि गाळणी एवढंच भांडवल पुरलं.

कॉफीच्या प्रचाराने दुसरी वाट धरली. १९३५ मध्ये कॉफी उपकर समिती आली, आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. टेबल, खुर्ची, फेटेवाला वेटर, गप्पा मारायला जागा. शहरी माणसासाठी झकास. पण कॉफी हाउस काही जेऊरच्या स्टेशनवर येणार नव्हतं. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन ह्यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना आणि दूध डेअरी येते. कॉफीतही असा सहकार झाला, फक्त तो शहरांत राहिला.

घरातली कॉफी, मांडवातली कॉफी

मराठी घरात कॉफी अजिबात नव्हती असं नाही. ती पाहुण्याची, रात्रीची, जागरणाची. जायफळ-वेलची घातलेली, दुधाळ, गोड. मुंबईत पेस्तनजी एदलजी ह्यांच्या पोलसन कंपनीने चिकोरी मिसळलेली 'फ्रेंच कॉफी' विकली आणि ती चव मराठी घरांनी उचलली. हेच पोलसन पुढे लोण्यासाठी गाजले, आणि त्यांच्याच मक्तेदारीविरुद्ध १९४६ मध्ये खेड्याच्या दूध उत्पादकांनी जी संस्था काढली तिचं पुढे अमूल झालं. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. रंग आणि कडवटपणा देतं, पण कॉफीचं तेल त्यात नसतं. आजच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी लागते. म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी कायदेशीर आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा.

मग इन्स्टंट पावडर आली आणि कॉफी करायला लागणारं कौशल्यच संपलं. दूध तापव, चमचा टाक, ढवळ.

ह्या सगळ्याच्या मागे एक मोठी व्यवस्था होती. १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर बागायतदाराने आपला माल कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात द्यायचा, बोर्ड त्याचा लिलाव करणार, अशी पद्धत होती. तुमच्या बागेतली उत्तम कॉफी आणि शेजाऱ्याची साधारण कॉफी एकाच ढिगात. निर्यातीला मोठं महत्त्व. चांगली कॉफी वेगळी काढून, भाजून, नावासकट आपल्याच गिऱ्हाइकाला विकण्यात बागायतदाराला फायदा दिसत नव्हता. ही पद्धत १९९२ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण संपली. त्याच वर्षी बंगळुरात ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं, हा योगायोग नाही.

आणखी एक गंमत सांगतो. भारतातली निम्म्याहून बरीच जास्त कॉफी अजूनही निर्यात होते, आणि तिचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक कोण? इटली. आपली रोबस्टा तिथल्या एस्प्रेसो मिश्रणात जाते, कारण तिने क्रेमा दाट येते. म्हणजे सोलापूरच्या खालच्या अंगाला पिकलेली कॉफी मिलानच्या कपात साय धरते, आणि आपण फेसाला एस्प्रेसो म्हणतो.

उजनीकाठी मात्र त्या काळात वेगळंच घडत होतं. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, ४१ दरवाजे, मागे यशवंतसागर. गावं उठली, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यात गेलं, ते आता पाणी उतरलं की दिसतं. काठावर ऊस आला, उसामागून पैसा आला, वाढ्यावर आणि चाऱ्यावर गाई आल्या, आणि दूध मुबलक झालं. लग्नं मोठी झाली. साखर आणि दूध घरचं असलेल्या मुलखात साखर-दुधाची एस्प्रेसो रुजली, ह्यात नवल काय? मामांच्या आठवणीत त्यांनी ती पहिल्यांदा प्याली अकलूजकडच्या एका लग्नात, १९९० च्या आसपास. "रांग लागली व्हती," ते सांगतात. "कॉफीसाठी न्हाय, मशीन बघायला."

मी काय प्यालो

मामेभावासाठी मी दोन शनिवार-रविवार ह्या पट्ट्यात फिरलो. पुणे-सोलापूर हायवे चौपदरी झाल्यापासून फूड मॉल आलेत, त्यांतल्या काहींत खरं पंपाचं यंत्र आहे. एका ठिकाणी एस्प्रेसो मागितली तर मुलगा म्हणाला, "सर, ती लय कडू असते, कॅपुचिनो घ्या." मी हट्टाने घेतली. आठ सेकंदांत कप भरला. पंचवीसच्या जागी आठ, म्हणजे दळण जाड आणि कॉफी शिळी. चव आंबट, पातळ. त्या मुलाची चूक नव्हती. त्याला बटण दाखवलं होतं, दळण कसं बदलायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. दुसरीकडे यंत्र सकाळपासून बंदच होतं, कारण दिवसाला दोन कपही जात नाहीत. काठावरच्या गावांत मी दहाएक हॉटेलांत विचारलं. चार ठिकाणी इन्स्टंट कॉफी मिळाली. त्यातली वाशिंब्याकडची एक, म्हशीच्या दुधातली, खरंच छान होती. पण ती एस्प्रेसो नव्हती.

ह्यातून मला चांगली एस्प्रेसो ओळखायच्या तीन साध्या खुणा पक्क्या कराव्याशा वाटल्या. एक, कॉफी दळताना तुम्हाला ग्राइंडरचा आवाज आला पाहिजे. दोन, धार सुरू झाल्यापासून मनात पंचवीस मोजून बघा. तीन, बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख विचारा. महिना-दीड महिन्याच्या आतली हवी. ह्यातलं एकही नसेल तर खुशाल चहा घ्या.

हिशोब आणि पाणी

आता मामेभावाच्या वहीतला हिशोब. चांगल्या भाजलेल्या पाव किलो बिया साधारण सहाशे रुपयांच्या धरल्या. १८ ग्रॅमने तेरा कप होतात, पण सकाळी दळण लावताना एक-दोन वाया जातातच. बारा धरा. म्हणजे कपामागे नुसती कॉफीच पन्नास रुपयांची. बाजूच्या टपरीवर चहा दहा रुपयांना. आम्हाला मिळालेल्या दरांत एका गिऱ्हाइकाचं व्यावसायिक यंत्र दोन लाखांच्या आसपास, ग्राइंडर वेगळा. त्यात गावाकडची वीज. व्होल्टेज पडलं की हीटर रेंगाळतो आणि पंपाचं काही खरं नाही.

आणि पाणी. एस्प्रेसोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या मानकात पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, दीडशेच्या आसपास चांगले मानतात. मामांच्या बोअरचं पाणी मी मीटरने मोजलं, ९०० निघालं. जारचं पाणी ३०. बोअरच्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षारांचा थर धरतो, आणि अगदी हलक्या पाण्यात कॉफी नीट उतरत नाही. सहा भाग जार आणि एक भाग बोअर मिसळलं की आकडा दीडशेवर येतो, पण बोअरचं पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवं. कारण उजनीत नुसतं पावसाचं पाणी येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. पुण्याच्या कॅफेत आम्ही एस्प्रेसो पिऊन कप विसळतो, ते पाणीही वाहत वाहत इथेच पोचतं. जमीन ह्या लोकांची गेली, आणि वरून शहराचं सांडपाणीही ह्यांच्याच काठाला लागतं. चांगल्या कॉफीची चर्चा करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

मग मामेभावाला काय सांगितलं? कर्ज काढून पंपाचं यंत्र घेऊ नकोस. मामांच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: इथे एस्प्रेसो पिणारा आहे, पण तो फेसाची पितो, आणि त्याची चेष्टा करायचं कारण नाही. तू मांडवातलं वाफेचं मशीन घे. लग्नसराईत भाड्याने जाईल, एरवी गाळ्यात चालेल. फक्त इन्स्टंटऐवजी चिकमगळूरची ताजी दळलेली कॉफी आण आणि फिल्टरचा घट्ट काढा कर. तो काढा दुधात घाल, मग वाफ दे. नाव एस्प्रेसोच ठेव, लोकांना कळेल.

आणि कोपऱ्यात एक हाताच्या दांड्याचं छोटं यंत्र ठेव. त्याला पंप नाही, वीज नाही. गॅसवर पाणी तापव आणि दांडा दाब. युद्धानंतरच्या इटलीत जे तंत्र चाललं, ते वीज जाणाऱ्या गावात आजही चालतं. भिगवण-कुंभारगावला रोहित बघायला हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांतला एखादा थांबेल. दिवसाला तीन कप गेले तरी नुकसान नाही, कारण हप्ता नाही.

मामेभाऊ म्हणाला, "म्हंजे मोठं मशीन न्हाय?" मी म्हटलं, दोन वर्षं वही लिही. दांड्याचे दिवसाला तीस कप जायला लागले की तूच मला आकडा सांगशील. मामांनी वही आणून दिली, आणि पहिल्या पानावर तारखेखाली स्वतःच लिहिलं: दूध, तीन लिटर, घरचं.

तर मंडळी, तुमच्याकडच्या मांडवात पहिली एस्प्रेसो कधी आली, मशीन कुणाचं होतं, कुठून आणलं होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. कॉफी बोर्डाचा इतिहास पुस्तकांत सापडतो, पण मांडवातल्या फेसाचा अजून कुणी लिहिलेला मी पाहिला नाही.